नाइटच्या खोगिरातून बाण का सुटत नव्हता

प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्ययुगीन युरोपात घोड्यावरून तिरंदाजी खरोखर होत होती का? होत असेल तर नाइटच्या, म्हणजे चिलखती घोडेस्वार सरदाराच्या, हाती कायम भालाच का दिसतो, धनुष्य भ्याडांचे हत्यार मानत म्हणून का? इंग्रजांचे 'घोडेस्वार तिरंदाज' घोड्यावरूनच बाण मारत का? शिकारीत काय चाले? आणि आज हे शिकायचे तर सुरुवात कुठून करायची?

मी सतरा वर्षे घोड्यावरून तिरंदाजी करतो आहे, त्यातली दहा वर्षे शिकवतोही आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घोडा, खोगीर आणि धनुष्य या तीन सुट्या वस्तू नाहीत. एक बदलली की उरलेल्या दोन बदलाव्याच लागतात. पश्चिम युरोपला धनुष्य ठाऊक होते, घोडा ठाऊक होता आणि घोड्यावरून बाण मारणारे शत्रू तर फारच चांगले ठाऊक होते. पण त्यांचे खोगीर, त्यांचा घोडा आणि तो घोडा पोसणारी जमीन दुसऱ्याच कामासाठी घडलेली होती. भ्याडपणाच्या कल्पनेत थोडे तथ्य आहे, पण कारण म्हणून ती पुरत नाही.

खोगिरापासून सुरू करू, कारण हे पुस्तकांत सहसा नीट सांगितलेले नसते.

भरधाव घोड्याच्या प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की चारही खूर जमिनीवरून सुटलेले असतात. त्या क्षणी खालून धक्का येत नाही. बाण सोडायचा तो तेव्हा. हा क्षण धरायचा तर स्वाराला बैठकीवरून किंचित उठावे लागते: वजन रिकिबीत, गुडघे आणि घोटे सैल, कंबर मोकळी. लगाम सोडलेला असतो, कारण दोन्ही हात गुंतलेले. घोड्याला दिशा द्यायची ती मांडीने आणि अंगाच्या तोलाने. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला डावीकडचे लक्ष्य सोपे जाते. समोरच्या लक्ष्याआड घोड्याची मान येते. मागचे लक्ष्य कमरेच्या लवचीकपणावर अवलंबून असते आणि उजवी बाजू जवळजवळ बंद असते. म्हणून घोडेस्वार तिरंदाजांची तुकडी शत्रूला डाव्या हाताला ठेवून वळसे घालते. चित्रात हे वळसे शोभेचे वाटतात, पण ते मानवी खांद्याच्या रचनेतून आलेले आहेत.

वेगाचा हिशेबही समजून घ्या. ताशी ३० किलोमीटरने धावणारा घोडा सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापतो. बाजूला सोडलेल्या बाणात घोड्याचा पुढे जाण्याचा वेग मिसळतो, म्हणून नेम लक्ष्याच्या किंचित मागे धरावा लागतो. मागे वळून सोडलेल्या बाणाचा वेग तेवढ्याने घटतो. पण पाठलाग करणारा शत्रू स्वतःच तितक्या वेगाने त्या बाणाकडे येत असतो, त्यामुळे घाव कमी बसत नाही. पळता पळता मागे मारणे ही स्टेपमधल्या (पूर्वेकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांतल्या) लोकांची आवडती युक्ती का होती, हे इथे कळते. पाठलाग करणारा जितका जोरात येईल तितका तो स्वतःचे नुकसान वाढवत असतो.

आता नाइटचे खोगीर पाहा. अकराव्या-बाराव्या शतकात भाला काखेत घट्ट दाबून, घोडा आणि माणूस यांचे सगळे वजन त्याच्या टोकामागे लावण्याची पद्धत रुजली. हा धक्का शत्रूला बसतो तसा स्वारालाही बसतो. म्हणून खोगिराची पुढची आणि मागची कड उंच झाली, रिकिबी लांब सोडल्या गेल्या, पाय जवळजवळ सरळ, पुढे रोवलेले. स्वार खोगिरात खुंटीसारखा ठोकलेला. अशा बैठकीची नक्कल असलेले एक खोगीर मी एकदा घोड्यावर चढवून पाहिले आहे. त्यात इतके सुरक्षित वाटते की उतरावेसे वाटत नाही. पण कंबर वळवायला गेलो की मागची कड आडवी येते, उठायला गेलो तर सरळ पायात उठायला जागाच उरलेली नसते. समोर आणि डावीकडे बाण मारता येतो. मागे मारणे विसरायचे.

याची उलट बाजू एका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहून ठेवली आहे. हॅब्सबर्ग सम्राटाचा वकील सिगिसमुंड फॉन हेर्बरश्टाइन १५१७ आणि १५२६ मध्ये मॉस्कोला गेला होता. तिथल्या स्वारांबद्दल तो सांगतो की त्यांची खोगिरे अशी असतात की ते सहज वळून कोणत्याही दिशेला धनुष्य ओढू शकतात. पण पाय इतके वर आखडून बसतात की भाल्याचा जरा जोराचा धक्का त्यांना सोसवत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाचे उत्तर या निरीक्षणात आहे. वळायला मोकळे की धक्क्याला पक्के, यातले एक निवडावे लागते. पूर्व युरोपने एक निवडले, पश्चिमेने दुसरे.

पण हे काही पहिल्यापासून ठरलेले नव्हते. मध्ययुगाच्या उंबरठ्यावर, सहाव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्व रोमन किंवा बायझंटाइन साम्राज्याच्या, सैन्यातला उत्तम स्वार हा तिरंदाजच होता. प्रोकोपियस हा इतिहासकार सेनापती बेलिसारियसबरोबर मोहिमांवर होता. तो लिहितो की हे स्वार भरधाव घोड्यावरून दोन्ही बाजूंना बाण मारतात, पाठलाग करताना मारतात आणि पळतानाही मारतात, आणि दोरी कपाळासमोरून उजव्या कानापर्यंत ओढतात.

इ.स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला, तेव्हाची गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. बेलिसारियसने दोनशे स्वार बाहेर पाठवले. हुकूम एवढाच: तलवार-भाल्याला हात लावायचा नाही, भाते रिकामे होईपर्यंत बाण मारायचे आणि मग मागे न पाहता तटाकडे पळत यायचे. गॉथ पाठलागावर आले ते तटावरच्या यंत्रांच्या माऱ्यात सापडले. हीच चाल पुन्हा दोनदा केली, दोन्हीदा साधली. गॉथांचा राजा विटिगिस याला वाटले की थोडे लोक पाठवण्यातच काही जादू आहे. त्याने आपले पाचशे स्वार पुढे उंचवट्यावर उभे केले. बेलिसारियसने हजार पाठवले आणि त्यांनी त्या पाचशेंना वेढून दुरूनच खिळखिळे केले. पुढे बेलिसारियसने आपल्या लोकांना कारण समजावले: आपले आणि हूण स्वार घोड्यावरून धनुष्य चालवतात, गॉथांच्या स्वारांना फक्त भाला-तलवार येते आणि त्यांचे तिरंदाज पायी, स्वारांच्या आडोशाने लढतात.

इ.स. ६०० च्या सुमाराचा, सम्राट मॉरिसच्या नावावर असलेला युद्धशास्त्राचा ग्रंथ हे शिक्षण कसे द्यायचे तेही सांगतो: धावत्या घोड्यावरून पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, झरझर बाण, मग धनुष्य म्यानात आणि हाती भाला, मग पुन्हा धनुष्य. चाळिशीपर्यंतच्या प्रत्येक रोमन माणसाने धनुष्य आणि भाता बाळगलाच पाहिजे, मग तो निष्णात असो की साधारण. भाला पाठीवर टाकून धनुष्य काढणे आणि उलट करणे हा सराव मी करून पाहिला आहे. नुसत्या नेमापेक्षा तो कितीतरी अवघड आहे. महिनाभर सोडला तर हात विसरतात. सुमारे तीनशे वर्षांनंतर सम्राट सहावा लिओ आपल्या ग्रंथात तक्रार करतो की रोमनांनी तिरंदाजीची हेळसांड केली आणि त्यामुळे पराभव पदरी आले. मला यात नवल वाटत नाही. भालाइत काही महिन्यांत उभा करता येतो. घोड्यावरचा तिरंदाज सरकारला सतत पोसावा लागतो, नाहीतर तो लहानपणापासून घोड्यावर वाढलेला लागतो.

पश्चिमेतल्या फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन यालाही हे हवे होते असे दिसते. ८०६ मध्ये त्याने फुलराड नावाच्या मठाधिपतीला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक स्वाराने ढाल, भाला, तलवार, कट्यार, धनुष्य आणि बाणांचे भाते घेऊन यावे असे म्हटले आहे. फ्रँक स्वार ते धनुष्य घोड्यावरून चालवत की उतरून, हे पत्रात नाही. माझा कल उतरून चालवत असावेत याकडे आहे. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण करणाऱ्या बायो पटावर जवळजवळ तीस तिरंदाज आहेत, आणि अगदी शेवटी, पळणाऱ्या इंग्रजांच्या पाठलागात, त्यांपैकी एकच घोड्यावर आहे. तो एक माणूस मला फार आवडतो. जमिनीवरचा तिरंदाज हाताला लागलेला घोडा पकडून पाठलागात घुसला असावा, असे मला वाटते.

पश्चिमेला खरा धडा मिळाला तो मॅग्यार, म्हणजेच हंगेरियन, लोकांकडून. नवव्या शतकाच्या अखेरीस ते कार्पेथियन पर्वतांच्या कुशीतल्या मैदानात उतरले आणि पुढची साठ वर्षे इटली, जर्मनी, फ्रान्सपर्यंत त्यांच्या धाडी चालल्या. इटलीतल्या मोदेना शहराच्या प्रार्थनेत संताला साकडे आहे की हंगेरियनांच्या बाणांपासून आमचे रक्षण कर. त्यांच्या थडग्यांत धनुष्याच्या मुठीवरच्या आणि टोकांवरच्या हाडाच्या पट्ट्या सापडतात. धनुष्याचे लाकूड आणि तात केव्हाच कुजून गेलेली, हाडे मात्र ज्या ओळीत राहिली त्यावरून धनुष्याचा आकार कळतो.

हे धनुष्य लाकूड, शिंग आणि जनावराची तात सरसाने चिकटवून केलेले असते. ओढताना पोटाकडचे शिंग दबते, पाठीवरची तात ताणली जाते. त्यामुळे सव्वा मीटरच्या आसपासची लांबी पुरते आणि तरी जोर मोठ्या धनुष्याचा मिळतो. घोड्याच्या मानेवरून या बाजूचे त्या बाजूला न्यायला इतकेच लांब हवे. दोष एकच, त्याला ओल सोसत नाही. माझे पहिले शिंगाचे धनुष्य इथल्या एका जून महिन्यात, मृगाच्या पावसानंतर आठवड्याभरात पाठीकडून उकलले. तेव्हापासून पावसाळ्यात मी ते बाहेर काढतच नाही. स्टेपमधले लोक धनुष्यावर चामडे किंवा भूर्जासारखी साल चढवत आणि म्यानात ठेवत, म्हणजे काळजी त्यांनाही होतीच. युरोपात ओल होती म्हणून ही धनुष्ये चालली नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. साठ वर्षे ती तिथे उत्तम चालली.

त्यावर तोड निघाली ती साधी, पण शिस्तीची. ९३३ मध्ये जर्मन राजा हेन्रीने आपल्या स्वारांना सांगितले, असे क्रेमोनाचा लिउटप्रांड लिहितो, की आपला घोडा जोरात धावतो म्हणून कोणी शेजाऱ्याच्या पुढे जायचे नाही. पहिला मारा ढालींवर घ्या आणि दुसरा बाण दोरीला लागायच्या आत त्यांच्या अंगावर जा. बाण मारणाऱ्याच्या बाजूने विचार केला की हा हुकूम किती नेमका आहे ते कळते. समोरून विस्कळीत रांग येत असेल तर मला एकेक माणूस निवडता येतो आणि मागे सरायला जागा मिळते. सलग रांग आली तर निवड संपते, आणि वळायचे कधी हा निर्णय अर्धा सेकंद जरी उशिरा घेतला तरी भाला पोचतो. १० ऑगस्ट ९५५ ला लेख नदीकाठी हेन्रीचा मुलगा ओटो याने मॅग्यारांचा निर्णायक पराभव केला. तिथेही आधी मॅग्यारांनी नदी ओलांडून वळसा घातला होता, पिछाडीचे सामान गाठले होते, आणि लुटीत गुंतले. लॉरेनचा माजी ड्यूक कॉनराड याने त्यांना तिथून हुसकावले. त्याच दिवशी उकाड्याने हैराण होऊन त्याने श्वास घ्यायला चिलखताचे बंद सैल केले आणि गळ्यात बाण लागून तो मेला.

त्यानंतर जे घडले ते माझ्या मते सर्वांत बोलके आहे. हंगेरियनांचे राज्य झाले, इ.स. १००० च्या सुमारास इश्त्वानला मुकुट मिळाला, गावे वसली, शेती वाढली, आणि दोन-तीन पिढ्यांत त्याच लोकांचे सरदार पश्चिमेच्या धर्तीचे चिलखती भालाइत झाले. ज्यांच्या नावाने युरोप प्रार्थना करत होता त्यांनी तिरकमठा बाजूला ठेवला आणि मग घोड्यावरचे तिरंदाज बाहेरून आणायला सुरुवात केली: पेचेनेग, आणि नंतर कुमान, हे दोन्ही स्टेपमधले लोक. लोक तेच होते. बदलली ती जमीन कसण्याची रीत, आणि तिच्याबरोबर घोडा.

घोड्यावरच्या तिरंदाजाला एक घोडा पुरत नाही. दमवून, वळवून, पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायचे तर पालटायला घोडे लागतात. स्टेपमधला स्वार अनेक घोडे घेऊन निघे, आणि ते चंदीवर नव्हे तर चाऱ्यावर, मोकळ्या कुरणावर जगत. नाइटचा घोडा पागेत दाण्यावर वाढवलेला, महाग आणि मोजका. नांगराखालच्या जमिनीवर हजारो मोकळे घोडे चरत नाहीत. १२४१ च्या एप्रिलमध्ये मंगोलांनी दोन दिवसांच्या अंतराने लेग्नित्सा आणि मोही इथे युरोपियन सैन्ये मोडली आणि १२४२ मध्ये ते परतले. का परतले याबद्दल बरीच मते आहेत. इतिहासकार डेनिस सिनॉर यांचे मत असे होते की हंगेरीचे मैदान एवढे घोडे पोसायला पुरे पडत नव्हते. ज्याने वीस घोड्यांच्या वैरणीचा हिशेब ठेवला आहे त्याला हे मत हलके वाटणार नाही. मोहीची लढाई नुसत्या बाणांनी जिंकली गेली नाही, हेही लक्षात ठेवा. शायो नदीच्या पुलावर हंगेरियन क्रॉसबोवाल्यांनी (क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले, खटक्याने सुटणारे धनुष्य) त्यांना रोखून धरले होते. मंगोलांनी दगडफेकीची यंत्रे आणून पूल मोकळा केला.

कुमानांचे प्रकरण जरा सविस्तर सांगतो. मंगोलांपुढून पळालेल्या कुमानांना हंगेरीचा राजा बेला चौथा याने १२३९ मध्ये हंगेरीत आसरा दिला. शेतकऱ्यांच्या पिकांतून कळप फिरू लागले, संशय वाढला आणि १२४१ मध्ये, मंगोल दाराशी असताना, कुमानांचा खान कोतेन याचा पेश्तमध्ये खून झाला. कुमान लुटालूट करत निघून गेले. म्हणजे मोहीच्या लढाईआधीच बेलाने आपले घोडेस्वार तिरंदाज गमावले होते. पुढे त्याने त्यांना परत बोलावले, वसवले, थोरल्या मुलासाठी कुमान राजकन्या सून करून आणली. २६ ऑगस्ट १२७८ ला मार्खफेल्डवर याचे फळ दिसले. बेलाचा नातू लास्लो हॅब्सबर्गच्या रूडॉल्फच्या मदतीला कुमान घेऊन आला. त्यांनी बोहेमियाचा राजा ओटोकार याच्या फळीला कडेने बाणांनी हैराण केले. जड स्वारांची झुंज नंतर झाली, आणि शेवटी लपवून ठेवलेल्या थोड्या चिलखती स्वारांनी बगलेवर हल्ला करून निकाल लावला. ओटोकार मारला गेला. दोन्ही प्रकारचे स्वार एका सेनापतीच्या हाती असले की काय होते, याचे मध्य युरोपातले हे उत्तम उदाहरण आहे.

क्रुसेडमध्ये, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांत, पश्चिमेचे लोक स्वतःच तिरंदाजांच्या मुलखात गेले. तिकडे त्या सगळ्यांनाच फ्रँक म्हणत. १ जुलै १०९७ ला डोरिलेउमजवळ तुर्कांनी त्यांना घेरले, तेव्हा ही लढाईची रीत आपल्यातल्या कोणालाच माहीत नव्हती, असे शार्त्रचा फुल्शेर सांगतो. त्याच्या आसपास बायझंटाइन सम्राट अलेक्सियस फ्रँक स्वारांशी वाकडे आले की तिरंदाजांना स्वारावर नव्हे, घोड्यावर बाण मारायला सांगे. घोड्यावरचा फ्रँक बॅबिलोनचा तटही फोडेल, खाली उतरला की कोणीही त्याला खेळवावे, असे त्याची मुलगी ॲना कोम्नेनी लिहिते. चिलखतावर दुरून मारलेल्या बाणाचा परिणाम फार नसे. ११९१ साली मुसलमानांचा सुलतान सलादिन याच्या गोटातला बहाउद्दीन फ्रँक पायदळाकडे पाहून नोंदवतो की अंगावरच्या जाड नमद्यात आणि साखळीच्या चिलखतात दहा-दहा बाण रुतलेले असताना ते नेहमीच्या चालीने चालत होते. त्या कूचमध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने उजवीकडे समुद्र ठेवला, डावीकडे पायदळ आणि क्रॉसबोवाले, आणि आत घोडे. जमिनीवरून मारलेला क्रॉसबोचा बाण घोड्यावरच्या धनुष्यापेक्षा दूर आणि जोराने जातो, आणि मारणारा हलत नसतो. ७ सप्टेंबरला अर्सूफला सलादिनचा पराभव झाला. चार वर्षांपूर्वी हत्तीनला हेच फ्रँक पाण्याविना आणि घोड्यांविना संपले होते.

तिथे राहिलेल्या फ्रँकांनी मग स्वतःचे घोडेस्वार तिरंदाज उभे केले. त्यांना तुर्कोपोल म्हणत. स्थानिक किंवा मिश्र कुळातले, हलक्या साजाचे. टेंपलर पंथाच्या नियमावलीत त्यांच्या नायकाचे पदच आहे. धनुष्याची लाज वाटत असती तर साधू-योद्ध्यांच्या नियमात त्याला जागा मिळाली नसती. ११३९ च्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबो आणि धनुष्य वापरायला मनाई केली हे खरे, पण ती कोणत्याही राजाने पाळली नाही. सरदाराची प्रतिष्ठा भाल्याशी जोडलेली होती एवढेच. बाण मारायला पगारी माणूस ठेवणे कोणालाच कमीपणाचे वाटले नाही.

इंग्रजांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. त्यांचे घोडेस्वार तिरंदाज घोड्यावरून प्रवास करत आणि उतरून लढत. स्कॉटलंडच्या मोहिमांत, १३३० च्या दशकात, तिसऱ्या एडवर्डच्या काळी हा प्रकार वाढला. त्यांना दिवसाला सहा पेन्स, पायी तिरंदाजाला तीन. दुप्पट पैसे घोड्याचे आणि वेगाचे होते. फ्रान्समध्ये मुलूख जाळत जाणाऱ्या धाडींत सगळे सैन्य घोड्यावर असल्याने ते पाठलागापुढे राहू शके. अजँकूरला, २५ ऑक्टोबर १४१५ ला, सगळे जमिनीवर उभे राहून लढले. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज जहाजावरची धनुष्ये १.८७ ते २.११ मीटर लांब आहेत. एवढे धनुष्य घोड्याच्या मानेवरून पलीकडे फिरवून पाहा, खालचे टोक खांद्याला लागते आणि घोडा दचकतो. यूमी हे जपानी धनुष्य त्याहून लांब असूनही घोड्यावरून चालते, कारण त्याची मूठ मध्यावर नसून खालच्या बाजूला असते. इंग्रज धनुष्य सारख्या दोन अर्ध्यांचे आहे. शिवाय ते ओढायला पाय जमिनीत रोवून पाठीचा सगळा जोर लावावा लागतो. शंभर पौंडांहून अधिक ताणाचे धनुष्य रिकिबीत उभे राहून ओढणारा इंग्रज शेतकरी मला तरी कल्पनेत उभा करता येत नाही.

घोड्यावरचे क्रॉसबोवाले मात्र खरोखर होते. इंग्लंडचा जॉन आणि फ्रान्सचा दुसरा फिलिप यांच्या पगारावर ते होते, पंधराव्या शतकात जर्मन आणि बर्गंडीच्या सैन्यांत तर खूपच. सुरुवातीचा क्रॉसबो पायाने दाबून ताणावा लागे, म्हणजे उतरणे आले. पुढे तरफ आणि दातेरी चाकाची खटक्याची यंत्रे आली तेव्हा खोगिरात बसल्या बसल्या ताणता येऊ लागला. पण तो सावकाश चालतो. एक बाण मारायचा आणि बाजूला व्हायचे, एवढेच त्याचे काम. स्पेनमध्ये हलके स्वार घोड्यावरून फेकायचे भाले वापरत. दुरून मारणारा स्वार म्हटला की धनुष्यच हवे असे नाही.

आता शिकार. पश्चिमेत सरदाराची मानाची शिकार म्हणजे कुत्र्यांच्या टोळीने एकाच सांबरासारख्या मोठ्या हरणाचा माग काढून, तासन्‌तास पळवून, दमवून त्याला उभे करणे. घोडा कुत्र्यांच्या मागे राहायला, आणि शेवट तलवारीने. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या फ्वाचा सरदार गास्तों फेब्यूस याने १३८७ पासून शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा जीव या कुत्र्यांच्या शिकारीत होता. धनुष्याबद्दलही तो लिहितो, पण ते दबा धरून मारण्याचे काम, आणि त्यातले खरे उस्ताद त्याच्या मते इंग्रज. फांद्यांनी झाकलेल्या गाडीतून हरणाजवळ जाण्याची युक्तीही त्याने दिली आहे. दुसरी रीत म्हणजे हाकारे घालून हरणे ठरलेल्या जागी उभ्या असलेल्या तिरंदाजांकडे आणणे. या दोन्हींत बाण मारणारा पायी. ओक आणि बीचच्या दाट जंगलात, आडव्या फांद्यांतून, लगाम सोडून घोडा पळवणे म्हणजे गुडघा नाहीतर डोळा गमावणे. मी विरळ बाभूळबनात एकदा प्रयत्न केला आणि दुसऱ्यांदा केला नाही. राजे जंगलात बाणाने मरत, हे खरे. २ ऑगस्ट ११०० ला इंग्लंडचा दुसरा विल्यम न्यू फॉरेस्टमध्ये असाच गेला.

पूर्वेकडे घोड्यावर भाता बांधून शिकारीला जाणे रोजचे होते. ११४३ मध्ये सम्राट दुसरा जॉन कोम्नेनोस सिलिशियात रानडुकराच्या शिकारीत भाला रोवत असताना त्याच्याच भात्यातल्या विषारी बाणाने हाताला जखम झाली आणि काही दिवसांत तो वारला. जुन्या हंगेरी राज्यातल्या चर्चच्या भिंतींवर संत लास्लोची (हा मार्खफेल्डच्या लास्लोच्या आधीचा राजा) कथा रंगवलेली आहे: मुलगी पळवून नेणारा कुमान स्वार खोगिरात पूर्ण मागे वळलेला, धनुष्य ओढलेले, आणि मागून भाला रोखून येणारा लास्लो. स्लोव्हाकियातल्या वेल्का लोम्नित्सा आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या गेलेन्सेच्या भिंतींवर ही चित्रे आहेत. दोन्ही स्वारांचे पाय पाहायला विसरू नका. चित्रकाराने दोन बैठकींतला फरक पाहिलेला आहे.

शिकायचे असेल तर: हंगेरीत लायोश काशाई यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ही विद्या पुन्हा उभी केली. ९० मीटरची धाव, मध्यावरच्या लक्ष्यावर येताना, बाजूने आणि जाताना मागे वळून मारा. आज जगभर याच धर्तीवर सराव चालतो. आधी जमिनीवर उभे राहून, खाली न पाहता बाणाची खाच दोरीला लावायला शिका. हजार वेळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच काळात बिनारिकिबीची मांड पक्की करा. घोड्यालाही वेगळे शिकवावे लागते: भात्याचा खडखडाट, मानेवरून फिरणारे धनुष्य, कानाजवळ सुटणारी दोरी, आणि लगाम गळ्यात सैल पडलेला असताना सरळ रेषेत धावणे. सुरुवातीला वीस-पंचवीस पौंडांचे फायबरचे धनुष्य पुरे, पावसाची भीतीही नाही. पहिले बाण उभ्या घोड्यावरून, मग कदमचालीत. दुडकीत अडकून बसू नका, तिच्यात धक्के सर्वांत जास्त. कदमचाल जमली की सरळ मोकळ्या दौडीवर जा.